खांद्यावर टिकाव, हातात ढाल : रोमन शिपायाचा दिवस (मुलांसाठी, मोठ्यांनीही यावं)

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ९:४०

आमच्या वाचनालयात दर रविवारी पाचवी ते नववीची मुलं जमतात. या महिन्याचा विषय त्यांनीच निवडला: रोमन सैनिक. मी आधी काहीच सांगितलं नाही. प्रत्येकाला एक कागद दिला आणि म्हटलं, तुमच्या मनातला रोमन शिपाई काढा. चौदा चित्रं आली. चौदाही शिपायांच्या हातात उपसलेली तलवार. एकाच्याही हातात टिकाव नव्हता, कुणी जात्यावर बसलेला नव्हता, कुणी घरी पत्र लिहीत नव्हता.

मला मुलांना सांगायचंय ते नेमकं हेच. रोमन शिपाई वर्षातले मोजके दिवस लढायचा. बाकीचे दिवस तो चालायचा, खणायचा, दळायचा, शिवायचा, पहारा द्यायचा. आणि लढाईत तो जिंकायचा त्याचं बरंचसं कारण या बाकीच्या दिवसांत आहे. पुढच्या रविवारी हा धागा मुलांना वाचून दाखवणार आहे, म्हणून त्यांना कळेल असंच लिहा ही विनंती. मी सुरुवात करते.

काळ एकच धरू, इ.स. पहिलं आणि दुसरं शतक. रोमचं साम्राज्य इंग्लंडपासून इजिप्तपर्यंत पसरलेलं होतं. सैन्याच्या मोठ्या भागाला लिजन म्हणत. एका लिजनमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसं. पण शिपायाच्या लेखी त्याचं जग आठ जणांचं होतं. आठ जण, एक कातडी राहुटी, एक खेचर आणि धान्य दळायचं एक दगडी जातं. राहुटी आणि जातं खेचराच्या पाठीवर, बाकी ज्याचं त्याच्या अंगावर. हे आठ जण एकत्र रांधायचे, एकत्र झोपायचे आणि रांगेत शेजारी शेजारी उभे राहून लढायचे.

माणशी दिवसाला आठशे ग्रॅमच्या वर गहू मिळे. पीठ नव्हे, गहू! तो आपला आपण दळायचा, मग त्याची भाकरी किंवा लापशी. सोबत खारवलेलं डुकराचं मांस, चीज, डाळी. प्यायला पाण्यात आंबूस व्हिनेगर घातलेलं पेय, त्याला पोस्का म्हणत. एखाद्या तुकडीने लढाईत कच खाल्ली तर तिचा गहू बंद करून जव देत. ज्या जेवणाच्या जागी रोज गव्हाची भाकरी, तिथे सगळ्यांदेखत जनावराचं धान्य खायचं, ही शिक्षा केवढी झोंबत असेल!

आता चालणं. वेगेटियस नावाच्या रोमन लेखकाने सैन्याच्या शिक्षणावर लिहून ठेवलंय: नव्या पोरांनी उन्हाळ्यात पाच तासांत वीस रोमन मैल चालायला शिकावं. म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर. (त्यांचा उन्हाळ्यातला तास आपल्यापेक्षा लांब असे, कारण उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळेचे ते सरळ बारा भाग करत.) याशिवाय साठ रोमन पौंड, म्हणजे सुमारे २० किलो ओझं घेऊन चालण्याचा सराव वेगळा, आणि शस्त्रं त्याच्याही वर. घरी पाण्याचा मोठा जार येतो ना, तो २० लिटरचा, म्हणजे बरोबर २० किलोचा. तो पाठीवर बांधलाय असं समजा.

योसेफस हा आधी रोमन सैन्याविरुद्ध लढलेला ज्यू सेनापती. पुढे तो रोमनांच्या बाजूला गेला आणि त्याने जवळून पाहिलेलं लिहून ठेवलं. पायदळ शिपायाजवळ काय काय असतं याची त्याची यादी वाचा: करवत, टोपली, टिकाव, कुऱ्हाड, कातडी पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांची शिदोरी. तो म्हणतो, खेचरावर लादतात त्यापेक्षा फार कमी ओझं शिपायावर नसतं.

आणि एवढं चालून मुक्कामाला पोचलं की आराम नाही. आधी तळ उभारायचा. मोजणी करणारे पुढे जाऊन झेंडे रोवून ठेवत, त्यामुळे कोणाची राहुटी कुठे हे ठरलेलं. सेनापतीचा तंबू मध्यावर, त्याच्यासमोरून सरळ रस्ता, आडवा रस्ता, चार बाजूंना चार दरवाजे. भोवती खंदक आणि त्याच मातीचा बांध. शत्रू जवळ असेल तर खंदक आणखी खोल. आणि दुसऱ्या दिवशी सगळं मोडून पुढे! रोजचा तळ सारख्याच आखणीचा, त्यामुळे परक्या मुलखात मध्यरात्री जाग आली तरी शिपायाला आपला रस्ता, आपला दरवाजा, आपली जागा अंधारात सापडे. मला या सगळ्यातलं हे सर्वांत हुशारीचं वाटतं.

रात्रीचे चार पहारे. परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून हातोहात फिरवत आणि काळोख पडायच्या आत सगळ्या पाट्या परत आल्याच पाहिजेत. पहाऱ्यावर झोपलेल्याला त्याचेच सोबती काठ्यांनी मारत, बहुतेक वेळा जीव जाईपर्यंत. पॉलिबियस या इतिहासकाराने त्याच्या काळातल्या, म्हणजे या आधीच्या सैन्याचं हे वर्णन केलंय. मुलांना हे सांगावं का यावर मी दोन दिवस विचार केला. सांगणार आहे.

लढाईचं मुद्दाम मागे ठेवलंय. त्यावर तुम्हीही लिहा.

निवृत्त_सुभेदार | रविवार, रात्री १०:५५

ताई, वाचून जुने दिवस आठवले. २८ वर्षं पायदळात काढली. आमचा पिट्ठू पण त्याच वजनाचा.

मुलांना पायांबद्दल जरूर सांगा. शिपाई पोटावर चालतो असं म्हणतात, पण आधी तो पायावर चालतो. फोड फुटला की माणूस निम्मा. रोमन शिपाई घालायचे त्या कॅलिगा चपलांची चित्रं मी नीट पाहिली आहेत. जाड कातड्याचे थर, वर पट्ट्यापट्ट्यांची जाळी आणि तळाला लोखंडी चुका ठोकलेल्या. पट्ट्या असल्यामुळे पायाला वारा लागतो, ओढा ओलांडला तरी पाणी आत साठत नाही. चुका झिजल्या की नव्या ठोकायच्या. ज्याने ही चप्पल बनवली तो स्वतः चाललेला माणूस असणार.

खंदक खोदण्याचं पण पटलं. दिवसभर चालून आल्यावर मोर्चा खोदायचा म्हणजे जीवावर येतं. वस्ताद डोक्यावर उभा असतो म्हणून हात चालतात. पण एकदा रात्री गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशीपासून कोणाला सांगावं लागत नाही.

ओवीची_आई | सोमवार, सकाळी ७:२०

वाचतेय, फारच छान धागा. ओवी (इयत्ता सहावी) शेजारी बसून ऐकत होती. तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत:

१. सेंच्युरियन म्हणजे शंभर जणांचा साहेब ना? मग शंभराला आठने भाग जात नाही. राहुट्या किती?
२. त्यांना घरची आठवण येत नव्हती का?

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ८:०५

ओवी, शाब्बास! नावात शंभर आहे, पण या काळात सेंच्युरियनच्या हाताखाली ८० माणसं असत. ८० म्हणजे बरोबर दहा राहुट्या. अशा सहा तुकड्या मिळून ४८० जणांची एक कोहोर्ट, आणि दहा कोहोर्टची एक लिजन. त्यातली पहिली कोहोर्ट बाकीच्यांपेक्षा मोठी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सवडीने लिहिते. तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून खरीखुरी पत्रंच आहेत.

टाईनकाठ | सोमवार, दुपारी ३:३०

पत्रं म्हटल्यावर राहवलं नाही. गेली अकरा वर्षं न्यूकॅसलला आहे. इथून तासाभराच्या अंतरावर विंडोलँडा नावाचा रोमन किल्ला आहे, हेड्रियन या रोमन सम्राटाने सीमेवर बांधलेल्या भिंतीच्या थोडा दक्षिणेला. भिंत बांधायला इ.स. १२२ मध्ये सुरुवात झाली, किल्ला त्याच्याही आधीचा. इंग्लंडच्या उत्तर टोकाचा ओला, गार, वाऱ्याचा माळ. जूनमध्येही जाकीट लागतं.

१९७३ साली रॉबिन बर्ली तिथे खोदत होते. चिकट काळ्या मातीत लाकडाच्या पातळ चकत्या मिळाल्या. पोस्टकार्डाएवढ्या आणि पापडासारख्या पातळ. दोन चकत्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या सोडवल्या तर आत शाईची अक्षरं! हवा लागताच ती पुसट झाली. शेवटी इन्फ्रारेड फोटो काढून वाचली. त्या मातीत हवाच शिरत नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही. त्यानंतर अशा शेकडो पाट्या निघाल्या.

त्यात काय असेल असं वाटतं? एका शिपायाला कोणीतरी पाठवलेल्या सामानाचं पत्र आहे: पायमोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन आतल्या चड्ड्या. दुसऱ्या पत्रात मास्क्लुस नावाचा अधिकारी आपल्या वरिष्ठाला कळवतोय की माझ्या सोबत्यांकडची बिअर संपली आहे, तेवढी पाठवायला सांगा. तिसऱ्यात ऑक्टावियस नावाचा माणूस धान्याच्या व्यवहाराचे पैसे मागतोय आणि रस्ते खराब आहेत अशी तक्रार करतोय.

आणि क्लॉडिया सेवेराची पाटी. एका अधिकाऱ्याची बायको दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचं आमंत्रण देते. मजकूर लेखनिकाच्या सुबक अक्षरात आहे, पण शेवटच्या दोनचार ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत, जरा वेड्यावाकड्या. बाईच्या हातचं लॅटिन म्हणून जे काही आज जगात शिल्लक आहे, त्यातलं हे सर्वांत जुन्यापैकी. वर्ष इ.स. १०० च्या आसपासचं.

किल्ल्याच्या संग्रहालयात चपलांचं एक भलंमोठं कपाट आहे. मी लेकीला घेऊन गेले होते तेव्हा ती चार वर्षांची होती. काचेपलीकडे लहान मुलाचा एक जोडा होता, तिने आपलं पाऊल काचेला लावून मापलं. जवळजवळ तेवढाच. छावणीत मुलंसुद्धा होती, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

निवृत्त_सुभेदार | सोमवार, संध्याकाळी ६:१०

टाईनकाठ ताई, तिथे हजेरीचे कागद मिळाले का? म्हणजे किती माणूस हजर, किती बाहेर? आमच्याकडे रोज सकाळी परेड स्टेट जायचंच. त्याशिवाय पलटण चालतच नाही.

टाईनकाठ | सोमवार, संध्याकाळी ६:४८

काका, अगदी तेच मिळालंय! तुंग्रियन लोकांच्या पहिल्या कोहोर्टची १८ मेची हजेरी (ही लिजनबाहेरची, ४८० हून मोठी कोहोर्ट). एकूण ७५२ माणसं, त्यात सहा सेंच्युरियन. बाहेर गेलेले ४५६, त्यातले ३३७ तर एकट्या कोरियाला, म्हणजे जवळच्या दुसऱ्या ठाण्यावर. हजर २९६. हजरांपैकी १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. म्हणजे कामाला उभे राहतील असे २६५.

निवृत्त_सुभेदार | सोमवार, संध्याकाळी ७:०२

वाचून अंगावर काटा आला. सिक रिपोर्ट तसाच. ३१ वजा केले की २६५ बरोबर. डोळे येण्याची साथ बराकीत अशीच पसरते, एका टॉवेलमुळे दहा जण जातात.

गणिताचे_सर | सोमवार, रात्री ९:१५

मुलांना पगाराचं गणित घाला. ऑगस्टस या पहिल्या रोमन सम्राटाच्या काळात शिपायाला वर्षाला २२५ देनारियस, म्हणजे चांदीची नाणी. एका देनारियसचे १६ आस, म्हणजे तांब्याची नाणी. २२५ गुणिले १६ बरोबर ३६००. वर्ष ३६० दिवसांचं धरलं तर रोजचे बरोबर १० आस.

पगार वर्षातून तीन हप्त्यांत होई, पण सगळा हातात पडत नसे. मसादा हा मृत समुद्राकाठचा किल्ला. रोमनांनी त्याला वेढा घातला, दगडमातीचा उतार रचून वर चढले आणि तो घेतला. तो उतार आजही दिसतो. तिथल्या खोदकामात पपायरसचा एक कागद मिळाला, इ.स. ७० च्या दशकातला. गायस मेसियस नावाच्या, बैरुतच्या शिपायाची पगाराची पावतीच ती! जमा ५० देनारियस. खर्च: जव १६, जेवण २०, जोडे ५, कातडी पट्टे २, तागाचा अंगरखा ७. मुलांनो, बेरीज करा आणि हातात किती उरले ते सांगा.

ओवीची_आई | सोमवार, रात्री ९:४०

ओवीने केली. "आई, शून्य!" आणि मग बराच वेळ गप्प बसली. म्हणाली, त्याने हे जपून का ठेवलं असेल?

जुनी_नाणी | मंगळवार, सकाळी १०:३०

पगारावरून आठवलं. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि पॅनोनियात, म्हणजे आजच्या हंगेरी-क्रोएशियाच्या बाजूला, तीन लिजननी बंड केलं. टॅसिटस या इतिहासकाराने ते सविस्तर दिलंय. शिपायांचं म्हणणं काय होतं? रोज १० आस म्हणजे आमच्या जीवाची किंमत आहे का, पूर्ण एक देनारियस द्या. १६ वर्षांनी सोडायचं ठरलं असताना तीसतीस वर्षं ठेवून घेता. आणि सुटल्यावर जमीन म्हणून देता ती दलदल नाही तर डोंगराचा खडक.

तिथे लुसिलियस नावाचा एक सेंच्युरियन होता. सेंच्युरियनच्या हातात अधिकाराची खूण म्हणून द्राक्षवेलीची काठी असे. हा ती शिपायाच्या पाठीवर मोडायचा आणि ओरडायचा, "दुसरी आण!" ती मोडली की पुन्हा, "दुसरी आण!" शिपायांनी त्याचं नावच 'दुसरी आण' पाडलं होतं. बंडात त्याला मारून टाकलं.

नवा सम्राट टायबेरियस याचा मुलगा द्रुसस समजूत काढायला आला. त्याच रात्री चंद्रग्रहण लागलं. शिपायांना वाटलं देव कोपले. उजेड परत यावा म्हणून त्यांनी भांडी बडवली, शिंगं फुंकली. ढग आले, चंद्र दिसेना, आणि त्यांचा धीर खचला. द्रुससने ती वेळ साधली, पुढाऱ्यांना ठार केलं आणि बंड मोडलं.

शिपाई म्हणजे हुकुमाचं बाहुलं नव्हता हे मुलांना यातून कळेल.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी २:००

फार मोलाची भर. आता ओवीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

ओवी, इजिप्तमधला एपियन नावाचा मुलगा रोमन आरमारात भरती झाला. इटलीतल्या मिसेनम बंदरात पोचल्यावर त्याने वडिलांना पत्र लिहिलं, ते पपायरसवर टिकून आहे. तो सांगतो, समुद्रात मी संकटात सापडलो होतो, सेरापिस देवाने वाचवलं. प्रवासखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली. तुम्ही मला चांगलं शिकवलंत, म्हणून लवकर वरची जागा मिळेल अशी आशा आहे. माझं छोटं चित्र पाठवतोय. आणि आता माझं नाव अँटोनियस मॅक्सिमस आहे. परदेशी गेलेला मुलगा पहिल्या आठवड्यात घरी जे जे कळवेल, ते सगळं त्यात आहे.

दुसरं पत्र ऑरेलियस पोलियनचं, सुमारे १८०० वर्षांपूर्वीचं. हाही इजिप्तचा, तेब्तुनिस गावचा, पण नेमणूक थेट युरोपात पॅनोनियाला. घरी भाऊ, बहीण आणि पाव विकणारी आई. तो लिहितो: मी तुम्हाला सहा पत्रं पाठवली, तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाही. उत्तर आलं तर साहेबांकडून रजा काढून येईन. त्याला उत्तर गेलं का, हे सांगणारा कागद मिळालेला नाही.

आठवण येत होती, ओवी. खूप येत होती. या शिपायांना सेवेत असताना कायद्याने लग्नसुद्धा करता येत नसे. इ.स. १९७ च्या सुमारास सेप्टिमियस सेवेरस या सम्राटाने ती बंदी उठवली. तोवर छावणीबाहेरच्या वस्तीत त्यांची बायकामुलं राहायची, पण कायद्याच्या लेखी ती कोणीच नव्हती. टाईनकाठच्या लेकीने मापला तो जोडा त्यातल्याच कुणाचा असेल.

खडूफळा | मंगळवार, रात्री ८:२०

लढाई कुठे आहे? मुलं विचारतीलच. 'कासवा'बद्दल मी लिहितो.

ढाली डोक्यावर आणि चहूबाजूंनी जुळवून केलेला तो व्यूह, टेस्टुडो, म्हणजे कासव. मुलांना वाटतं रोमन सदासर्वदा तसेच चालायचे. तसं नाही. त्यात वेग नसतो, आतल्या माणसाला तलवार चालवता येत नाही. किल्ल्याच्या तटाखाली पोचायला किंवा बाणांच्या माऱ्यात तग धरायला तो उपयोगी.

इ.स.पू. ३६ मध्ये रोमन सेनापती मार्क अँटनी पार्थियन लोकांच्या, म्हणजे आजच्या इराणच्या बाजूच्या, मुलखातून माघार घेत होता. पार्थियन घोडेस्वार पट्टीचे तिरंदाज. बाण यायला लागल्यावर पहिली रांग गुडघ्यावर बसली, मागच्यांनी वर ढाली धरल्या, त्यांच्या मागच्यांनी आणखी वर, कौलारू छपरासारख्या. बाण घरंगळून पडले. पार्थियनांना वाटलं रोमन थकून बसले! त्यांनी धनुष्यं ठेवली आणि भाले घेऊन जवळ आले. तेवढ्यात छप्पर उघडलं, आणि शिपाई ओरडत उठून तुटून पडले.

एरवीच्या लढाईत आधी पिलम फेकायचा. हा जड भाला, पुढे लांब बारीक लोखंडी दांडा. तो ढालीत रुतला की सहज निघत नाही, बरेचदा वाकतोही, मग शत्रूला ढाल टाकून द्यावी लागते. त्यानंतर आखूड तलवार, ग्लॅडियस. मोठ्या ढालीआडून भोसकायची. हात वर उचलून वार करणारा काख उघडी टाकतो, भोसकणारा नाही. सरावाला लाकडी तलवार आणि वेताची ढाल असे, दोन्ही खऱ्यापेक्षा दुप्पट जड. जमिनीत रोवलेला खांब हा शत्रू. योसेफसने म्हटलंय की यांचा सराव म्हणजे बिनरक्ताची लढाई, आणि लढाई म्हणजे रक्ताचा सराव.

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ९:०५

धन्यवाद खडूफळा. आणि टिकावाची लढाईही सांगू या. इ.स.पू. ५२, गॉलमधलं, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं, अलेशिया. वर्सिंजेटोरिक्स हा गॉल सरदार डोंगरावरच्या गावात सैन्यासह होता. रोमन सेनापती सीझरने गावाभोवती सुमारे १६ किलोमीटरची तटबंदी खणली. मग बातमी आली की बाहेरून गॉल लोकांची प्रचंड कुमक येतेय. त्याने काय केलं? बाहेरच्या बाजूला तोंड करून आणखी सुमारे २१ किलोमीटरची दुसरी तटबंदी बांधली, आणि दोन्हींच्या मध्ये स्वतः सैन्यासह उभा राहिला. पुढे खड्डे, खड्ड्यांत तासलेले खुंट, वर झाडपाला. शिपायांनी त्या खड्ड्यांचं नाव ठेवलं होतं 'लिली', त्या फुलासारखे दिसायचे म्हणून.

आतून आणि बाहेरून एकाच वेळी हल्ला झाला, तरी तटबंदी टिकली.

माळरान | बुधवार, सकाळी ९:५०

अलेशियाचं सांगणार असाल तर अर्धं सांगू नका, ही कळकळीची विनंती. गावातलं धान्य संपत आलं तेव्हा गॉल सैन्याने गावच्याच बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. ती रोमन तटबंदीपाशी आली, आम्हाला गुलाम करा पण खायला द्या म्हणाली. सीझरने पहारे बसवले आणि त्यांना आत घेतलं नाही. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. जिंकल्यावर प्रत्येक शिपायाला एकेक कैदी वाटला, लूट म्हणून. तो शिपाई कैद्याला गुलाम म्हणून विकायचा.

पायमोजे आणि पत्रं वाचून मलाही तो शिपाई जवळचा वाटतो. पण तो ज्यांच्या दारात खंदक खणत होता, त्यांच्याकडे पत्रं लिहायला पपायरस नव्हता. मुलांना शिपायाची बाजू ऐकवताना त्यांच्याकडेही बोट दाखवा.

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी १:१५

माळरान, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. अर्धंच लिहिलं ही माझी चूक झाली. रविवारी हे वाचून दाखवेन, तुमच्याच शब्दांत.

आणि त्यांचा विजय दाखवते तशी हारही दाखवणार आहे. इ.स. ९, जर्मनीतलं ट्युटोबर्ग जंगल. आर्मिनियस हा चेरुस्की टोळीचा तरुण रोमन सैन्यातच वाढलेला, रोमन नागरिक. त्यांच्या सवयी त्याला तोंडपाठ. सेनापती वारुसच्या तीन लिजन त्याने पाऊस आणि चिखलाच्या वाटेने जंगलात ओढल्या. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला दलदल. रांग धरायला जागाच नाही. १७, १८ आणि १९ या तिन्ही लिजन संपल्या. हे आकडे रोमनांनी पुन्हा कोणत्याही लिजनला दिले नाहीत.

त्यातल्या मार्कस सीलियस या सेंच्युरियनचा स्मारकदगड झांटेनला मिळाला, आता बॉनच्या संग्रहालयात आहे. हातात द्राक्षवेलीची काठी, छातीवर पदकं. वय साडेत्रेपन्न. भावाने कोरून घेतलंय: वारुसच्या युद्धात पडला, अस्थी मिळाल्या तर इथे ठेवता येतील.

पंचगंगा | बुधवार, संध्याकाळी ५:३०

थोडं अवांतर, पण आपल्याकडचं. टाईनकाठने सांगितलेल्या विंडोलँडाच्या पाट्यांत एक उधारीची यादी आहे. त्यात गाम्बाक्स नावाच्या शिपायापुढे लिहिलंय: मिरी, २ देनारियस. काळी मिरी! ती केरळच्या किनाऱ्यावरून जहाजाने इजिप्तला, तिथून रोमला, तिथून त्या गार माळावर. जर्मनीत ओबेराडेनच्या रोमन छावणीत तर मिरीचे दाणेच सापडलेत, इ.स. सुरू व्हायच्याही आधीचे.

आमच्या कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडनची, म्हणजे त्यांच्या समुद्रदेवाची, कांस्याची छोटी मूर्ती मिळाली. टाउन हॉलच्या संग्रहालयात शाळेच्या सहलीबरोबर पाहिली होती. शिपाई इथवर आले नाहीत, पण सामान येत-जात होतं.

गणिताचे_सर | बुधवार, संध्याकाळी ६:००

दोन देनारियस म्हणजे ३२ आस. रोज १० आसच्या हिशेबाने तीन दिवसांहून जास्त कमाई मिरीत घातली. जेवण फारच अळणी असणार.

ओवीची_आई | गुरुवार, रात्री ८:३०

ओवीने दुसरं चित्र काढायला घेतलंय. राहुटी, जातं, चूल, आठ माणसं, दोघांच्या हातात टिकाव. तिला त्यांची खरी नावं हवी आहेत. टाईनकाठ ताई, ज्याला पायमोजे पाठवले त्याचं नाव काय?

टाईनकाठ | गुरुवार, रात्री ११:१०

ओवी, ती पाटी तुटलेली आहे. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचीही नावं गेली. पण शेवटी 'तुझ्या सगळ्या सोबत्यांना नमस्कार सांग' असं आहे, त्यातलं एक नाव नीट वाचता येतं: टेट्रिकस.

ओवीची_आई | शुक्रवार, सकाळी ७:१५

चुलीपाशी बसलेला टेट्रिकस झाला. बाकी सात जणांच्या खाली तिने रिकाम्या रेघा ओढून ठेवल्यात. आता विचारतेय, खेचर राहुटीच्या आत काढायचं की बाहेर?

निवृत्त_सुभेदार | शुक्रवार, सकाळी ७:४०

बाहेर, बेटा. खुंट्याला बांधलेलं. आणि त्याच्यापुढे वैरण काढायला विसरू नकोस.